कोल्हापुरी जेवणाबरोबर माफक किमतीची वाइन: निवड, चव आणि साठवण

कोल्हापुरात साधारण सहाशे ते बाराशे रुपयांची वाइन घ्यायची असेल, तर येथील उन्हाळा आणि येथील तिखट या दोन गोष्टी आधी विचारात घ्याव्यात. या किमतीतली बाटली सहसा बनवतानाच बिघडलेली नसते. ती दुकानाच्या फळीवर बिघडते, किंवा चुकीच्या ताटाशेजारी येऊन पडते. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे, केवळ हौशी आहे. पुढील मते घरच्या जेवणाबरोबर पडताळून बनलेली आहेत.

खरेदी करताना सर्वप्रथम लेबलावरचे वर्ष, म्हणजे द्राक्षे तोडल्याचे वर्ष, पाहावे. आपल्याकडे द्राक्षवेलींची एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी होते, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी बहुतांशी जानेवारी ते मार्च या काळात उरकते. त्यामुळे चालू किंवा गेल्या वर्षाचा आकडा असलेली पांढरी वाइन ताजी समजण्यास हरकत नाही. या किमतीतली पांढरी आणि गुलाबी वाइन मुरवत ठेवण्यासाठी बनवलेलीच नसते. चार वर्षांपूर्वीची बाटली सवलतीत मिळत असली तरी ती घेऊ नये; जितकी जुनी तितकी चांगली हा नियम मोजक्या, आणि बहुधा महागड्या, वाइनपुरताच खरा आहे.

राजारामपुरीत जा वा शाहूपुरीत, पाटीवर ‘वाइन शॉप’ असले तरी आतला मुख्य व्यवहार व्हिस्की आणि बिअरचाच असतो, आणि वाइनच्या वाट्याला अनेकदा ट्यूबलाइटखालची वरची फळी येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी बाटलीची मान नीट न्याहाळावी. बूच काठाच्या वर सरकलेले असेल, आवरणाखालून चिकट ओघळ सुकलेला दिसत असेल, किंवा पांढऱ्या वाइनचा फिकट पिवळा रंग तपकिरीकडे झुकलेला असेल, तर त्या बाटलीने ऊन किंवा उष्णता सोसली आहे असे मानून ती परत ठेवावी. आट्याच्या झाकणाची बाटली मात्र हलकी समजू नये. ताजेपणा टिकवण्यात असे झाकण बुचापेक्षा कमी पडत नाही, आणि ते उघडण्यासाठी वेगळे साधनही लागत नाही.

आता जेवणाकडे वळू. सांगली-तासगावकडची खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षे बिनबियांची व पातळ सालीची असतात. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. लाल वाइन सालींसकट आंबवली जाते, म्हणून साल-बियांतले टॅनिन तिच्यात उतरते आणि कोऱ्या कडक चहासारखा तुरटपणा हिरड्यांवर जाणवतो. तांबड्या रश्शाच्या घोटानंतर असा तुरट आणि साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोलचा शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन) तोंडात घेतला, की मिरचीची आग दुप्पट झाल्यासारखी वाटते आणि वाइनमधली फळाची चव पार हरवते. त्यात बिचाऱ्या शिराझचा दोष नाही. जोडीच विजोड आहे. तांबड्या रश्शाबरोबर काही घ्यायचेच असेल तर किंचित गोडसर, चांगली गार केलेली गुलाबी वाइन घ्यावी. मिसळीच्या वाटेला तर वाइनने जाऊच नये.

खरी जोडी जमते ती पांढऱ्या रश्शाची. नारळाचे दूध, खसखस, काजू आणि मटणाचा अर्क यांनी जिभेवर जो स्निग्ध थर बसतो, तो शेनिन ब्लाँच या पांढऱ्या वाइनच्या आंबटपणाने स्वच्छ होतो, आणि तिची हलकी गोडी मिरी-लवंगेला सांभाळून घेते. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीची शेनिन ब्लाँच अशी गोडसर आहे. त्यांचीच सोव्हिन्यों ब्लाँच कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, असून तिला कापलेल्या गवताचा आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. ही दुसरी मला तळलेल्या मासळीबरोबर अधिक आवडते. लाल वाइनच हवी असल्यास सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची सांजोव्हेझे, म्हणजे मूळची इटलीतील तोस्कानाची द्राक्षजात, कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर घेऊन पाहावी. तिचा आंबटपणा मटणाच्या चरबीला पुरा पडतो.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी असे सर्रास सांगितले जाते, परंतु त्यात अभिप्रेत असलेली खोली सोळा-अठरा अंश सेल्सिअसची असते, मे महिन्यातली आपली नव्हे. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली की तुरटपणा आणि अल्कोहोलचा झणका दोन्ही ताळ्यावर येतात. पांढरी वाइन आठ ते दहा अंशांवर घ्यावी. त्याहून गार केल्यास वास दबतो, आणि निकृष्ट वाइन खपवण्याचा तो जुना उपाय आहे.

चव पाहण्याचे काम स्वयंपाकघरात फोडणी पडण्यापूर्वी उरकावे, कारण कांदा-लसूण चटणीच्या वासापुढे कोणत्याही नाकाचा टिकाव लागत नाही. पेला एकतृतीयांशच भरावा, देठाशी धरून हळू फिरवावा, वास घ्यावा आणि मग छोटा घोट क्षणभर तोंडात घोळवावा. गोडी किती, आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते का, तुरटपणा कोठे जाणवतो आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, एवढेच टिपून ठेवावे. लेबलामागे छापलेली चेरी, चॉकलेट आणि व्हॅनिला सापडली नाहीत तरी बिघडत नाही. मला चॉकलेट क्वचितच सापडले आहे.

न उघडलेली बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. जागा मात्र अंधारी आणि घरातली सर्वांत थंड असावी, गॅसजवळचे कपाट नव्हे. उघडलेली बाटली, लाल असली तरी, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. फसफसणारी वाइन त्याच दिवशी संपवणे उत्तम, म्हणून ती चौघे जेवायला असतील तेव्हाच उघडावी.