खालच्या टिअरमध्ये मत देण्याआधी

पोकेमॉन शोडाऊन या ऑनलाइन लढतींच्या साइटवर सामने खेळायला येणारे बहुतेक जण ओयू या मुख्य टिअरपासून (टिअर म्हणजे कोणते पोकेमॉन वापरता येतात ते ठरवणारा गट) सुरुवात करतात. पण ज्यांचा जीव एखाद्या मागे पडलेल्या पोकेमॉनवर असतो, ते लवकरच खाली उतरतात. ओयूखाली यूयू, मग आरयू, एनयू, पीयू आणि तळाला झेडयू. मी त्या उतरणाऱ्यांपैकी एक. आरयू आणि एनयूमध्ये मी सर्वांत जास्त रमलो, सस्पेक्ट टेस्टना (एखादी गोष्ट बॅन करायची का, यावरच्या खेळाडूंच्या मतदानाला) पात्र ठरलो, मतंही दिली. इथे काय खेळायचं आणि काय बॅन करायचं हे खेळणारेच ठरवतात. तुम्ही नवीन असाल आणि या निर्णयांत भाग घ्यावासा वाटत असेल, तर मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिल्यांदा हे समजून घ्या की टिअर म्हणजे ताकदीची गुणपत्रिका नाही. या टिअर ठरवणाऱ्या स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायाच्या पद्धतीत टिअर ठरते वापरावरून. ओयूच्या लॅडरवर (रेटिंगच्या सामन्यांत) एखादा पोकेमॉन ४.५२ टक्के किंवा त्याहून जास्त संघांत दिसला तर तो ओयूचा. त्याखाली घसरला की यूयूत वापरता येतो. आकडा विचित्र वाटला तरी त्यामागचं गणित सरळ आहे. एखादा पोकेमॉन ४.५२ टक्के संघांत असेल, तर १५ सामन्यांत तो निदान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असते. पूर्वी हीच कसोटी २० सामन्यांवर बेतलेली होती, तेव्हा आकडा ३.४१ होता. यात वरच्या रेटिंगच्या खेळाडूंच्या संघांना जास्त वजन दिलं जातं, त्यामुळे सुरुवातीच्या रेटिंगमध्ये सगळेच एखादा आवडता पोकेमॉन घेऊन फिरत असले तरी तेवढ्यानं तो वर जात नाही. मग यूयूच्या वापरावरून आरयू ठरते, आरयूच्या वापरावरून एनयू, आणि असंच तळापर्यंत.

यातून जे निघतं ते नव्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही: खालच्या टिअरची यादी त्या टिअरच्या हातात नसते. वरचे लोक काय वापरतात त्यावर तुमचं घर भरतं आणि रिकामंही होतं. समजा, तुमच्या टिअरमध्ये आगीचे जोरदार हल्ले दोनदा झेलू शकेल असा एकच भरवशाचा वॉटर टाइप आहे. वरच्या टिअरमधल्या चांगल्या खेळाडूंना तो अचानक आवडू लागला, वापर ४.५२ च्या वर गेला, आणि पुढच्या टिअर शिफ्टमध्ये (वापरावरून याद्या नव्यानं लागतात तेव्हा) तो निघून गेला. जो फायर टाइप हल्लेखोर कित्येक महिने निमूटपणे टिअरमध्ये होता, ज्याच्या सेटमध्ये (चाली, वस्तू वगैरेंच्या निवडीत) तसूभरही फरक पडलेला नाही, तो आता थांबत नाही. लोक म्हणतात, ‘हा एकदम तगडा झाला.’ तो होता तसाच आहे, समोरची भिंत गेली आहे.

म्हणून शिफ्ट जाहीर झाली की मी आधी वर गेलेल्यांची यादी वाचतो आणि मगच वरून आलेल्यांची. वरून आलेल्यांवर सगळ्यांचं लक्ष असतंच. वर गेलेल्यांची नावं वाचताना प्रत्येकापुढे लिहा की तो टिअरमध्ये कोणाला अडवत होता. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ज्या पोकेमॉनवर ओरड होणार, त्यांची नावं पुष्कळदा या टिपणातच सापडतात.

बॅन झालेला पोकेमॉन कुठे जातो, तेही थोडक्यात. यूयूमध्ये बॅन झाला पण ओयूत कोणी वापरत नाही, असा पोकेमॉन यूयूबीएल या यादीत बसतो. आरयूसाठी आरयूबीएल, एनयूसाठी एनयूबीएल. तो वरच्या टिअरमध्ये वापरता येतो, बॅन झाला त्या टिअरमध्ये आणि तिच्याखाली नाही. बंदी खालच्या दिशेनं झिरपते, आणि हीच गोष्ट वस्तू व क्षमतांनाही लागू आहे.

त्याचं चांगलं उदाहरण पोकेमॉन खेळांच्या नवव्या पिढीत आहे. आरयूमध्ये लाइट क्ले ही वस्तू बॅन आहे. रिफ्लेक्ट आणि लाइट स्क्रीन या संघाचं नुकसान निम्मं करणाऱ्या चाली एरवी ५ फेऱ्या टिकतात, लाइट क्ले असेल तर ८. तीन फेऱ्यांचा फरक किती, हे कागदावर मांडून पाहा. पहिल्या फेरीत रिफ्लेक्ट, दुसऱ्या फेरीत लाइट स्क्रीन, तिसऱ्या फेरीत स्क्रीन लावणारा पडला. चौथ्या फेरीत स्वीपर (एकामागून एक पाडत जाणारा हल्लेखोर) आला आणि त्यानं हल्ल्याची ताकद वाढवणारा स्वोर्ड्स डान्स केला. वस्तू नसेल तर रिफ्लेक्ट पाचव्या फेरीच्या शेवटी संपतो, म्हणजे पहिला खरा हल्ला होताच आडोसा जायला लागतो. वस्तू असेल तर आठव्या फेरीपर्यंत निम्मं नुकसान सोसत तो तुमचा सगळा संघ फाडू शकतो. त्यात नवव्या पिढीत डिफॉग ही स्क्रीन उडवणारी चाल शिकणारे पोकेमॉन फार कमी उरले, आणि स्क्रीन फोडणारे इतर पर्याय खालच्या टिअरमध्ये आणखी विरळ. आरयूत बंदी आल्यावर ती एनयू आणि पीयूलाही आपोआप लागू झाली, कारण खालची टिअर वरच्या टिअरचे नियम घेऊनच सुरू होते.

एनयूमध्ये ड्रॉट ही क्षमता बॅन आहे, पीयूमध्ये डॅम्प रॉक ही पाऊस लांबवणारी वस्तू. या दोन निर्णयांची तुलना मला फार शिकवून गेली. ड्रॉट असलेला पोकेमॉन मैदानात उतरताच ऊन पडतं, त्यासाठी चाल खर्च करावी लागत नाही. उन्हात फायर टाइपचे हल्ले दीडपट होतात, पाण्याचे निम्मे, आणि क्लोरोफिल ही क्षमता असलेल्यांचा वेग दुप्पट. ड्रॉट काढली तरी सनी डे ही चाल शिल्लक आहे. ज्याला उन्हाचा संघ खेळायचा आहे त्यानं एक फेरी मोजावी. डॅम्प रॉकचंही तसंच. पाऊस पाडा, पण तो ८ फेऱ्या टिकणार नाही, ५ टिकेल. दोन्ही ठिकाणी शैली जिवंत ठेवून तिचा फुकटचा भाग काढला आहे. दुसरा मार्ग होता ऊन-पावसाचा फायदा घेणाऱ्या पोकेमॉनना एकेक करून बॅन करण्याचा. माझं मत असं की एकाच कारणानं दोनपेक्षा जास्त पोकेमॉन संशयात सापडत असतील, तर कारणालाच हात घालावा. एकच सापडत असेल तर त्यालाच पाठवावं, बाकीच्यांची वस्तू किंवा क्षमता हिसकावू नये.

याच्या पुढची पायरी म्हणजे दोन गोष्टींचा संयोग बॅन करणं. २०११ मध्ये, पाचव्या पिढीच्या ओयूत, एकाच संघात ड्रिझल (उतरताच पाऊस पाडणारी क्षमता) आणि स्विफ्ट स्विम (पावसात वेग दुप्पट करणारी क्षमता) एकत्र ठेवायला बंदी आली होती. पाऊसही वाचला आणि पोहणारेही. पण त्यानंतर समाजाचा कल अशा जोडबंदीपासून दूरच राहिला आहे, आणि ते मला पटतं. एकदा अशी बारीक कापाकापी करत गेलो की प्रत्येक पोकेमॉन ‘फक्त ही चाल नको’ म्हणून वाचवता येतो, आणि नियमपुस्तक कोणाला पाठ होत नाही. नवीन खेळाडू ‘बॅन करण्याऐवजी त्याची अमुक चाल काढा’ हे हमखास सुचवतो. सुचवायला हरकत नाही, पण त्याला इतक्या सहज होकार का मिळत नाही, हे माहीत असू द्या.

बॅनची कारणं साधारण तीन शब्दांत बोलली जातात: ब्रोकन, अनकॉम्पिटिटिव्ह, अनहेल्दी. ब्रोकन म्हणजे बाकीच्या मेटागेमच्या (टिअरमध्ये प्रत्यक्षात जे खेळलं जातं त्याच्या) मानानं इतकं जबरदस्त की समोरचा जास्त चांगला खेळला तरी उपयोग होत नाही. अनकॉम्पिटिटिव्ह म्हणजे निकाल खेळाडूच्या निर्णयांवरून काढून नशिबाच्या हाती देणारं. एनयूमध्ये क्विक क्लॉ ही वस्तू बॅन आहे, ती या दुसऱ्या खणात चपखल बसतो: २० टक्के वेळा संथ पोकेमॉन आधी हल्ला करतो आणि समोरच्याला त्यावर करण्यासारखं काही नसतं. क्विक क्लॉ ‘ताकदवान’ आहे का, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. अनहेल्दी हा सर्वांत निसरडा शब्द. न आवडणाऱ्या कशालाही तो चिकटवता येतो, म्हणून तो वापरलात तर लगेच पुढच्या वाक्यात सांगा की संघ बांधताना नेमकं काय बिघडतं.

तिथेच माझा सगळा भर आहे. खालच्या टिअरमध्ये एखाद्या पोकेमॉनबद्दल मत बनवताना त्याचे आकडे बाजूला ठेवा आणि रिकामी सहा घरं घेऊन संघ बांधायला बसा. त्याला थांबवण्यासाठी तुम्हाला किती घरं द्यावी लागतात? एक दिलं आणि त्या घरातला पोकेमॉन बाकीच्या टिअरविरुद्धही कामाचा असेल, तर प्रश्न मिटला. दोन द्यावी लागली, किंवा एकच पण तो पोकेमॉन एरवी कोणी घेणार नाही असा, तर गंभीरपणे बोलायला हवं. ओयूमध्ये पर्याय भरपूर असतात. पीयूमध्ये एका धोक्याला उत्तर म्हणून दोनच नावं असू शकतात आणि त्यातलं एक स्टेल्थ रॉकनं (मैदानात मांडून ठेवलेल्या, उतरणाऱ्याला इजा करणाऱ्या दगडांनी) उतरताच २५ टक्के जखमी होणारं. डॅमेज कॅल्क्युलेटरवर ‘हा झेलतो’ असं दिसलं, तरी रॉकचं नुकसान धरून पुन्हा मोजा. नवव्या पिढीत टेरा आहे, म्हणजे संघातला कोणताही एक पोकेमॉन सामन्यात एकदा टाइप बदलू शकतो. कागदावरचा काउंटर (त्याला हमखास थांबवणारा) टेरानंतर काउंटर राहतो का, हेही त्याच बैठकीत तपासा.

निर्णयाची वाट अशी असते. प्रत्येक टिअरची काउन्सिल असते, टिअरमध्ये सतत खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूंची. ती लोकांचा कल घेते, टूर्नामेंटमधले सामने पाहते. एखादी गोष्ट उघडच झेपत नसेल तर काउन्सिल स्वतः मतदान करून क्विकबॅन करते. नवी पिढी किंवा डीएलसी (खेळाला नंतर येणारी जोड) आली की हे सर्रास होतं. २०२३ मध्ये सप्टेंबरला टील मास्क आणि डिसेंबरला इंडिगो डिस्क आलं, तेव्हा वरची टिअर ढवळली आणि तो ढवळलेला गाळ एकेक पायरी खाली आला. अशा काळात सगळ्यांचं मत घेत बसलो तर मतदान संपेपर्यंत टिअर बदललेली असते. काउन्सिलच्या अधिकाराबद्दल नव्या लोकांना राग येतो. मला तो अधिकार आवश्यक वाटतो, फक्त काउन्सिलनं कारणं सविस्तर लिहायला हवीत, आणि तशी मागणी तुम्ही जरूर करा.

जिथे प्रश्न खरोखर दोन्ही बाजूंनी आहे तिथे सस्पेक्ट टेस्ट होते. नवं खातं उघडायचं, ठरलेल्या मुदतीत लॅडरवर खेळायचं, आणि किमान सामन्यांत जीएक्सईची अट गाठायची. लॅडरवरच्या कोणत्याही खेळाडूशी गाठ पडली तर तुम्ही जिंकण्याची शक्यता किती टक्के, हा तो आकडा. अट बहुधा ८० च्या आसपास असते आणि प्रत्येक टेस्टच्या घोषणेत लिहिलेली असते, ती नीट वाचा. बहुतेक टेस्टमध्ये बॅनसाठी ६० टक्के मतं लागतात. खालच्या टिअरमध्ये पात्र होणारे थोडेच. ३० जण पात्र झाले तर १८ मतांनी बॅन, १७ मतांनी नाही.

खालच्या लॅडरचं एक वैशिष्ट्य सांभाळा: माणसं कमी असल्यानं तेच तेच प्रतिस्पर्धी पुन्हा भेटतात आणि त्यांना तुमचा संघ पाठ होतो. दोन वेगळे संघ तयार ठेवा, एक सस्पेक्ट असलेल्या पोकेमॉनसह आणि एक त्याच्याशिवाय. दोन्ही बाजूंनी खेळल्याशिवाय मत तयार होत नाही असं मला वाटतं. जो फक्त त्याला घेऊन जिंकला त्याला तो छान वाटतो, जो फक्त त्याच्याकडून हरला त्याला राक्षस. हरल्यावर लगेच पुढचा सामना न शोधता रीप्ले जतन करा आणि कोणत्या फेरीला सामना हातातून गेला ते शोधा. अनेकदा तो सस्पेक्ट पोकेमॉन उतरण्याच्या बराच आधी, रॉक काढायला विसरल्यामुळे किंवा भिंत उगाच झिजवल्यामुळे गेलेला असतो. असे रीप्ले बॅनच्या बाजूनं पुरावा म्हणून देऊ नका.

‘बॅन नको’ हे मतही तितक्याच जबाबदारीनं द्या. एखादा पोकेमॉन गेला की त्याच्या धाकानं दबलेले दुसरे वर येतात. कोण वर येईल याचा विचार केला नसेल तर मत अर्धवट आहे. मी मत लिहून ठेवताना खाली दोन नावं लिहितो: हा गेला तर सर्वांत जास्त फायदा कोणाचा, आणि हा राहिला तर कोण वापरातून जाईल. त्या नावांनी कधी माझं मत बदललं आहे, कधी पक्कं केलं आहे.

मतदान तुमच्या विरुद्ध गेलं तरी ती टिअर खेळणं सोडू नका. बॅन न झालेल्या पोकेमॉनची पुन्हा टेस्ट होऊ शकते, बॅन झालेला परत आणण्यासाठीही टेस्ट होतात, आणि त्या बहुधा एखाद्या मोठ्या शिफ्टनंतर होतात. तेव्हा काउन्सिल विचारते की मधल्या काळात काय बदललं. याचं उत्तर देऊ शकणारे लोक थोडे असतात, कारण बरेच जण निकालाच्या दिवशीच दुसऱ्या टिअरमध्ये गेलेले असतात.