होम थिएटर रिसीव्हर: स्पीकर बदलण्याआधी सेटिंगमधल्या या चुका टाळा

नवा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकरांना वाटून देणारी पेटी, घरी येतो, पाच स्पीकर आणि खर्जातल्या आवाजाचा सबवूफर जोडले जातात आणि पहिल्या दिवशी मारामारीचा एखादा प्रसंग लावून सगळे खूश होतात. आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात. डायलॉग नीट कळत नाहीत, बेस नुसता घुमतो, मागच्या स्पीकरमधून काहीच येत नाही. मग टीव्हीजवळचा, संवादांचा सेंटर स्पीकर बदलायचा विचार सुरू होतो आणि वीस-तीस हजारांचा खर्च समोर दिसू लागतो. ओळखीच्यांच्या घरी असे संच मी बरेच पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेक ठिकाणी स्पीकर चांगले होते, चूक मेनूमध्ये होती. म्हणून कळकळीने सांगतो, पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ रिसीव्हरच्या सेटिंगला द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, ऐका, मग पुढची बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही.

आत काय येतंय हे न बघताच सेटिंग बदलणं

रिसीव्हरमध्ये मुळात दोनच चॅनेलचा आवाज येत असेल तर स्पीकरच्या मेनूत कितीही खटपट केली तरी खरा ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफर यांचा वेगवेगळा आवाज) ऐकू येणार नाही. म्हणून आधी रिमोटवरचं ‘इन्फो’ किंवा ‘इन्फर्मेशन’ दाबा. येणारा सिग्नल कोणता आहे ते रिसीव्हर सांगतो. ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘डीटीएस’ किंवा ‘मल्टि चॅनेल’ दिसलं तर ठीक. सिनेमा ५.१चा असूनही ‘पीसीएम २.०’, म्हणजे फक्त दोन चॅनेल, दिसत असेल तर दोष रिसीव्हरच्या आधी कुठेतरी आहे.

बहुतेक वेळा तो टीव्हीत सापडतो. टीव्हीवरच्या अ‍ॅपचा आवाज एचडीएमआय एआरसीमधून (त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट नेण्याची सोय) रिसीव्हरकडे जात असेल, तर टीव्हीच्या साउंड मेनूत ‘डिजिटल साउंड आउटपुट’ शोधा. ते ‘पीसीएम’वर असेल तर टीव्ही सगळं दोन चॅनेलमध्ये दाबून पाठवतो. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’वर न्या. केबल टीव्हीच्या नेमक्या त्याच पोर्टमध्ये आहे ना, ज्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय, तेही बघून घ्या. रिसीव्हरवर ‘एचडीएमआय कंट्रोल’ बंद ठेवलं असेल तर बऱ्याच मॉडेलांवर एआरसीसुद्धा बंद राहतं, आणि टीव्हीचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही.

साध्या एआरसीची मर्यादाही माहीत हवी. त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, म्हणजे ओटीटीवरचा, डोक्यावरूनही आवाज देणारा अ‍ॅटमॉससुद्धा जातो. पण ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्यातून जात नाही. त्यासाठी एआरसीची सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी, लागतं, आणि ते टीव्ही व रिसीव्हर दोन्हीकडे सुरू करावं लागतं. ऑप्टिकल केबल तर जुन्या ५.१च्या पुढे जातच नाही. ब्लू-रे प्लेअर असेल तर तो थेट रिसीव्हरला जोडा, आणि प्लेअरच्या मेनूतलं ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. ते चालू असेल तर चांगल्या डिस्कचाही मूळ आवाज रिसीव्हरला मिळत नाही.

सगळे स्पीकर ‘लार्ज’ ठेवणं

मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच.

रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरला ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’ ठरवायचं असतं. या पर्यायातून तुम्ही रिसीव्हरला एवढंच सांगता, की खालचा खर्जातला आवाज या स्पीकरकडे पाठवायचा, की तो काढून सबवूफरला द्यायचा. ‘लार्ज’ केलं की सगळा बेस त्या स्पीकरच्या पाच-सहा इंची कोनवर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, येऊन पडतो. कोन त्या हादऱ्यांतच गुंततो, त्याच कोनमधून निघणारा माणसाचा आवाज गढूळ होतो, आणि रिसीव्हरच्या अ‍ॅम्प्लिफायरवरही विनाकारण ताण येतो. शेजारी सबवूफर मात्र निम्मा रिकामा बसलेला असतो.

तेव्हा घरात सबवूफर असेल तर सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा. उंच टॉवर असले तरीही. क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर ठेवून सुरुवात करा, म्हणजे त्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जाईल. चित्रपटगृहाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सने हा आकडा पूर्वीच प्रमाण मानला, आणि त्यामागचं कारण साधं आहे. ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे तो कोपऱ्यातल्या सबवूफरमधून आला तरी खटकत नाही. तळहाताएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० किंवा १५० हर्ट्‌झ लागेल. मात्र एवढ्या वर गेल्यावर सबवूफर समोरच्या स्पीकरांच्या जवळ हवा, नाहीतर पुरुषाचा जाड आवाज कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो.

ऑटो कॅलिब्रेशन (माइकने खोली मोजून रिसीव्हरने आपोआप केलेली जुळवणी) झाल्यावर हे मुद्दाम तपासा. समोरचे स्पीकर थोडे बरे असले की कितीतरी रिसीव्हर त्यांना आपोआप ‘लार्ज’ करून टाकतात. ते बदलल्याने मापन बिघडत नाही. क्रॉसओव्हर रिसीव्हरने सुचवलेल्या आकड्याच्या वर नेला तरी चालतं, खाली मात्र आणू नका. सुचवलेल्या आकड्याच्या खाली तो स्पीकर कमी पडतो, हे माइकने मोजलेलं असतं.

याच मेनूत आणखी दोन गोष्टी आहेत. ‘एलएफई + मेन’ (यामाहावर ‘एक्स्ट्रा बेस’) चालू केलं की तोच बेस समोरच्या स्पीकरमधूनही आणि सबवूफरमधूनही वाजतो. पहिल्या मिनिटाला भारी वाटतं, पण खोलीत एका जागी बेस दुप्पट होतो तर दुसऱ्या जागी गायब. ते बंद ठेवा. दुसरं म्हणजे ‘एलपीएफ फॉर एलएफई’, म्हणजे सिनेमातल्या खास बेस चॅनेलची वरची मर्यादा. क्रॉसओव्हर ८० आहे म्हणून यालाही ८० करणारे बरेच भेटतात. सिनेमातला ‘.१’ हा वेगळा चॅनेल १२० हर्ट्‌झपर्यंतचा असतो. इथे १२० ठेवा, नाहीतर त्या चॅनेलचा वरचा भाग तुम्हाला ऐकूच येणार नाही.

सबवूफरच्या मागची बटणं

क्रॉसओव्हर रिसीव्हर सांभाळत असताना सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण ६० किंवा ८०वर असेल, तर एकाच आवाजाला दोन गाळण्या लागतात आणि मधला भाग नाहीसा होतो. ते बटण शेवटपर्यंत वर न्या, किंवा ‘एलएफई’ असा पर्याय असेल तर तो वापरा. आवाजाचं बटण निम्म्याच्या आसपास ठेवून कॅलिब्रेशन करा. नंतर मेनूत सबवूफरची लेव्हल -१२ डेसिबल दिसली, तर समजा की रिसीव्हरची मर्यादा तिथे संपली. त्याला अजून खाली जायचं होतं, पण जागाच नव्हती. मागचं बटण कमी करा आणि मापन पुन्हा घ्या. रात्री हळू आवाजात सिनेमा बघताना सबवूफर मध्येच गप्प होत असेल तर त्याचं ‘ऑटो’ बंद करून ‘ऑन’वर ठेवा.

कॅलिब्रेशनचा माइक सोफ्यावर टेकवणं

डेनॉन आणि मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ऑन्क्योमध्ये अ‍ॅक्युईक्यू किंवा डिरॅक. नावं वेगळी असली तरी काम एकच: माइकने खोली मोजायची आणि स्पीकरचं अंतर, आवाज, टोन जुळवायचा. घाईत तो माइक सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवला जातो. गादीची पाठ आवाज शोषतेही आणि परतवतेही, आणि रिसीव्हर ते खोलीचं वैशिष्ट्य समजून दुरुस्त करायला जातो. मोबाइलचा स्वस्त ट्रायपॉड पुरतो. माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, टोक छताकडे, आणि सोफ्याच्या पाठीपासून वीतभर तरी पुढे हवा.

पहिली जागा तुमची नेहमीची. अंतर आणि आवाज तिथूनच ठरतो, त्यामुळे ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. बाकीच्या जागा तिच्या आजूबाजूला दोन-दोन फुटांवर घ्या. खोलीच्या चार कोपऱ्यांत माइक फिरवून ‘सगळ्यांसाठी’ मोजलं की कुणालाच धड आवाज मिळत नाही. पंखा, एसी बंद. हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर असेल तर कुकरची वेळ टाळा. रस्त्याकडेच्या घरात सकाळी लवकर मोजणं सगळ्यात बरं.

मापन झाल्यावर सबवूफरचं अंतर खरं तीन मीटर असताना पाच मीटर दिसलं, की काही जण टेप लावून ते ‘बरोबर’ करतात. तसं करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटला थोडा वेळ लागतो, आणि रिसीव्हर तो वेळ अंतराच्या रूपात धरतो. आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे दोन मीटरची ही ‘दुरुस्ती’ सहा मिलिसेकंदांनी बेस मागेपुढे करते. क्रॉसओव्हरच्या आसपास आवाज पोकळ होतो. इतर स्पीकरांचं अंतर मात्र टेपशी साधारण जुळायला हवं. एखाद्याचंच भलतं दिसलं तर त्याची वायर बघा, लाल-काळी उलटी लागली असेल. ‘फेज’ची (वायर उलटी असल्याची) सूचना आली आणि वायर तपासून बरोबर निघाली, तर ती सूचना सोडून पुढे जा. काही स्पीकरांच्या रचनेमुळे ती उगाच येते.

डायलॉगसाठी चुकीच्या ठिकाणी उपाय

‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ किंवा ‘मल्टि चॅनेल स्टिरिओ’ लावून बातम्या आणि मालिका बघणारी घरं खूप आहेत. त्यात पाचही स्पीकरमधून तोच आवाज येतो आणि निवेदक तुमच्या मानेमागूनही बोलू लागतो. सेट टॉप बॉक्सवरच्या दोन चॅनेलच्या कार्यक्रमाला ‘डॉल्बी सराउंड’ लावा. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं बोलणं ते सेंटरला नेतं, आणि शब्द एकदम स्पष्ट होतात. गाण्यांना मात्र हाच मोड लावू नका. जुनी नाट्यगीतं आणि भावगीतं मोनोमध्ये ध्वनिमुद्रित झालेली आहेत. दोन्ही चॅनेल सारखेच असल्याने सगळं गाणं त्या एका सेंटरमध्ये कोंडलं जातं. त्यासाठी साधा ‘स्टिरिओ’ उत्तम. ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ लावताना लक्षात ठेवा, की त्यात माइकने केलेली खोलीची दुरुस्ती सहसा बंद होते, आणि काही मॉडेलांवर सबवूफरही.

एवढं करूनही शब्द कळत नसतील तर सेंटरची लेव्हल दोन-तीन डेसिबलने वाढवा, आणि तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात मागे ढकललेला असेल तर काठापर्यंत पुढे ओढून किंचित वर, कानाच्या दिशेने कलता करा. रात्री घर झोपलेलं असताना ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ वापरायला हरकत नाही. कुजबुज वर येते, स्फोट खाली बसतात. दिवसा ते बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर सगळा सिनेमा एकाच पट्टीत सपाट वाजतो.

ऑडिसीचं ‘डायनॅमिक ईक्यू’ वेगळं आहे. आवाज हळू केल्यावर कानाला बेस कमी लागतो, तेवढा ते भरून देतं. चालू ठेवण्यासारखी सोय आहे, पण टीव्ही आणि गाण्यांचं ध्वनिमुद्रण मुळातच मोठ्या पातळीवर केलेलं असतं, त्यामुळे तिथे बेस आणि मागचे स्पीकर जास्त वाटतात. ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ सिनेमासाठी ०, आणि टीव्ही-गाण्यांसाठी १० किंवा १५ डेसिबल करा. डिस्प्लेवर आवाज -३० असा वजा आकड्यात दिसला म्हणून घाबरू नका. तिथला ० म्हणजे चित्रपटगृहाची पातळी, जिथे एकेका चॅनेलचा सर्वोच्च आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो. फ्लॅटमध्ये -३० ते -२० भरपूर होतं.

मागचे स्पीकर, रिकामा पडदा आणि बाकी

सात चॅनेलच्या रिसीव्हरवर ५.१ जोडताना मागच्या स्पीकरच्या वायरी ‘सराउंड बॅक’मध्ये खुपसलेल्या असतात. त्या ‘सराउंड’मध्येच हव्यात. छतातले दोन स्पीकर लावले असतील तर ‘अ‍ॅम्प असाइन’मध्ये ५.१.२ निवडा आणि त्यांची खरी जागा सांगा. डोक्यावर असतील तर ‘टॉप मिडल’. ‘डॉल्बी स्पीकर’ हा पर्याय छतावर आवाज आपटवणाऱ्यांसाठी आहे. स्पीकर ८ ओहमचे असताना ‘स्पीकर इम्पिडन्स’ सुरक्षित म्हणून ६वर आणू नका, उगाच ताकद कमी होते.

४के एचडीआर येत नसेल तर रिसीव्हरवरचं ‘४के सिग्नल फॉरमॅट’ आणि टीव्हीच्या त्या पोर्टचं सेटिंग, दोन्ही ‘एन्हान्स्ड’ करावं लागतं. केल्यावर पडदा काळा झाला तर संशय आधी केबलवर घ्या. ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर ‘ऑडिओ डिले’ आवाज फक्त मागे ढकलू शकतो. आवाज आधीच उशिरा येत असेल तर डिले शून्यावर आणा आणि टीव्हीचा आउटपुट ‘पास-थ्रू’वर ठेवा.

रिसीव्हर काही मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर मेनूआधी हवा बघा. बंद कप्प्यात, वर सेट टॉप बॉक्स ठेवलेला रिसीव्हर तापतोच. थंड जागीही बंद पडला तर वायरचे सुटे धागे एकमेकांना चिकटलेत का ते पाहा.

फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय. त्यात कॅलिब्रेशनसह सगळं पुसलं जातं. त्याआधी मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही मॉडेलांत सगळी सेटिंग पेन ड्राइव्हवर साठवायचीही सोय असते. फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा, आणि अपडेटनंतर स्पीकरची साइझ, क्रॉसओव्हर आणि एचडीएमआय कंट्रोल ही तीन पानं फोटोशी ताडून बघा.