गार सकाळी ओव्हनमधले ओट्स
कोजागिरी झाली की इंदूरच्या सकाळी गार होऊ लागतात. पोहे-जिलबीला तोड नाहीच, पण एखाद्या रविवारी ओव्हनमधले गरम ओट्स जरूर करा. 2 कप जाड ओट्स (झटपट शिजणारे नकोत, लगदा होतो), 2 कप दूध, 2 पिकली केळी कुस्करून, सात-आठ खजूर चिरून, छोटा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी, चिमूटभर मीठ. गुळाचा मोह टाळा, तापताना दूध फाटू शकतं. वर सफरचंदाच्या फोडी, अक्रोड. तूप लावलेल्या भांड्यात 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. कडा सोनेरी झाल्या, मधोमध बोटाने दाबल्यावर ओलं लागलं नाही, की बाहेर काढा. लगेच कापू नका. दहा मिनिटांत आळून येतं, मग वड्या सुरेख पडतात. खाताना वर थोडं गरम दूध हवंच.