वायरिंगनंतर भिंतीतल्या खाचा बुजवताना

कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आत दडवलेल्या, वायरिंगसाठी पाडलेली खाच महिन्याभरात पुन्हा भेगाळली की दोष सहसा पुट्टीला दिला जातो; प्रत्यक्षात बहुतेक वेळा वायरचा पाइप पुरेसा आत बसलेला नसतो किंवा खाच कोरडीच भरलेली असते. म्हणून सिमेंट कालवण्याआधी पाइपावर पट्टी आडवी धरून पाहावी आणि गिलाव्याच्या पृष्ठभागापासून पाइप किमान 10 ते 12 मिलिमीटर आत आहे, याची खात्री करावी. तेवढा तो नसेल, तर खाच आणखी खोल करून घेण्यास इलेक्ट्रिशियनला सांगावे. अशा वेळी त्याची नाराजी पत्करलेली बरी. पाइप खिळे आणि तारेने घट्ट आवळलेला असावा, कारण हलणाऱ्या पाइपावर कोणताही माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) टिकत नाही.

खाच बुजवण्यापूर्वी मोजपट्टी भिंतीला लावून छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना किंवा ड्रिल चालवताना त्यांचा उपयोग होतो. एमसीबी (वीजप्रवाह तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) बंद करून स्विचच्या बॉक्समध्ये कागदाचे बोळे कोंबावेत, म्हणजे माल आत शिरत नाही.

सुटे तुकडे खरवडून, धूळ ब्रशने झाडून, खाचेवर आदल्या दिवशी आणि भरण्याआधी पाणी मारावे. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंट कच्चे राहते. पाणी मात्र बॉक्सच्या आत जाऊ देऊ नये. एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली वाळू असा माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. सुकू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालणे ही गवंड्यांची जुनी सवय आहे आणि ती खोडायलाच हवी. खाच रुंद असेल, तर चिकन मेशची (बारीक तारेच्या जाळीची) पट्टी दोन्ही कडांवर काही सेंटीमीटर पुढे जाईल अशी ठोकावी. माल थापीने आत दाबून भरावा, खोल खाच दोन थरांत भरावी आणि वरचा थर भिंतीपेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली ठेवून लाकडी रंध्याने सपाट करावा, म्हणजे पुट्टीला जागा उरते. घाई म्हणून अनेक जण येथे पीओपी भरतात. ते लवकर घट्ट होते, परंतु ओलीला टिकत नाही आणि त्याच्या संपर्कातील लोखंडी बॉक्सला गंज चढतो. त्यामुळे बाहेरच्या भिंतीला आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला ते वर्ज्यच मानावे.

भरलेल्या भागावर सात दिवस रोज पाणी शिंपडावे आणि तो पूर्ण वाळल्यावरच पुट्टीचे दोन पातळ हात द्यावेत. पॉलिश पेपरने घासताना मास्क लावावा. नंतर प्रायमर लावून रंग त्या पट्ट्यापुरता न देता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत द्यावा, अन्यथा जुन्या रंगावर नव्या रंगाचे ठिगळ दिसत राहते.