परदेशी विद्यार्थी कक्षात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

बडोद्यात आमच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षात दर जूनला मदतनीस म्हणून काही नवी मुलं येतात. बरीचशी मराठी, रावपुरा-दांडिया बाजारातली. उत्साह दांडगा. पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, वेलकमचा कार्यक्रम कधी ठेवायचा?" ठेवा की, हरकत नाही. पण ज्याला घरी परत जायची सोय राहिलेली नाही, त्याला पहिल्या आठवड्यात बोनाफाईड सर्टिफिकेट लागतं. ते वेळेवर हातात पडलं की निम्मं स्वागत झालं, असं माझं मत आहे.

याचं कारण कायद्यात आहे. भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार थेट बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार इथले लोक दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंद करतात, तिथे त्यांना कार्ड मिळतं. आपल्या टेबलासमोर येतो तो बहुधा कार्डवाला नसतोच. तो विद्यार्थी व्हिसावर, बऱ्याचदा आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर आलेला असतो आणि तो इथे शिकत असताना तिकडे सगळं पालटतं. १५ ऑगस्ट २०२१ला आपण झेंडावंदन उरकून घरी आलो, त्याच दिवशी काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं. दहाच दिवसांनी, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे घरी गेलेला तिकडेच अडकला. डिसेंबर २०२२मध्ये तिकडे मुलींना विद्यापीठं बंद झाली. नोव्हेंबर २०२३मध्ये दिल्लीतला अफगाण दूतावास बंद केल्याची घोषणा झाली. कागदावर हे सगळे साधे परदेशी विद्यार्थीच. त्यांना इथे राहायचा आधार म्हणजे व्हिसा, आणि व्हिसाला आधार कॉलेजच्या पत्राचा.

तेव्हा तारखा सांभाळा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. आता ती ऑनलाइन होते. कॉलेजनेही विद्यार्थ्याची माहिती पोर्टलवर भरायची असते आणि नेमकं तेच राहून जातं, कारण क्लार्कला वाटतं मुलगा भरेल आणि मुलाला वाटतं क्लार्क भरेल. पासपोर्ट कधी संपतो हे वहीत वेगळं लिहून ठेवा आणि वर्षभर आधीच त्याच्या मागे लागा.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते नाव. आपल्या गुजरातेत फॉर्मवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. एका अफगाण मुलीच्या पासपोर्टवर एकच नाव होतं, आडनावाचा रकाना कोरा. फॉर्म काही पुढे सरकेना. कोणीतरी तेच नाव दोनदा टाकलं, दुसऱ्याने आडनावाच्या जागी वडिलांचं नाव घातलं, आणि मार्कशीट, बँक आणि व्हिसा यांवर तीन वेगळ्या मुली तयार झाल्या. पहिल्या फॉर्मलाच पासपोर्ट समोर ठेवा, त्यात जे आहे तेच सगळीकडे, आणि कोऱ्या रकान्याचं काय करायचं हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. सालाचंही तसंच. त्यांच्या बारावीच्या दाखल्यावर १३९८ असं काहीतरी असतं. तिकडचं वर्ष मार्चच्या २०-२१ तारखेला सुरू होतं, म्हणजे १३९८ हे मार्च २०१९ ते मार्च २०२० असं पडतं. महिना बघितल्याशिवाय इंग्रजी साल लिहू नका. त्यांच्या तझकिरा या ओळखपत्रावर तर पुष्कळदा जन्मतारीख नसते, अमुक साली वय इतकं एवढंच असतं.

खोली मिळवून देणं हेही आपलंच काम होऊन बसतं. दांडिया बाजारातल्या एका काकूंची वरची खोली रिकामी होती. त्यांनी मला दारातच विचारलं, "मुलगी चांगली आहे गं, पण पोलिसांचं लफडं नको." त्यांना धर्माची भीती असेल असं मी धरून चालले होते, ती थोडी असेलही. पण खरी भीती फॉर्मची निघाली. परदेशी माणसाला घरात ठेवलं की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, त्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. तो मी त्यांच्याच मोबाईलवर भरून दाखवला, पावती छापून दिली. काकूंनी ती देवघराच्या फळीवर ठेवली आणि किल्ली काढून दिली.

हॉस्टेलबद्दल थोडक्यात: मेस शाकाहारीच असते हे आधी सांगा, रमजानात पहाटेच्या जेवणाचं रेक्टरशी आधी बोलून ठेवा. मार्च २०२४मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या हॉस्टेलवर रमजानातच परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. रात्री फोन कोणाला करायचा ते प्रत्येकाला माहीत हवं, आणि तो फोन उचलला गेला पाहिजे.

त्यांची कहाणी विचारू नका. सांगावीशी वाटली तर ती मुलं चहाच्या गाडीवर आपण होऊन सांगतात. कॉलेजच्या इन्स्टाग्रामसाठी त्यांना बोलतं करणं तर अजिबात नको. घरचे लोक अजून तिकडे असतात.

पैशाची बाजू आपल्याकडे लंगडी आहे. कॅनडात १९७८पासून एका योजनेत कॉलेजातले विद्यार्थीच फीबरोबर थोडी रक्कम भरतात आणि त्यातून निर्वासित मुलांना शिकायला बोलावतात. आपल्याकडे निर्वासित कार्डधारकांसाठी जर्मन सरकारच्या मदतीने १९९२पासून चालणारी डाफी शिष्यवृत्ती आहे, पण ती विद्यार्थी व्हिसावाल्यांच्या उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून परीक्षा फी गोळा करतो. दरवर्षी नव्याने हात पसरावे लागतात.

आणि शेवटचं वर्ष. कोर्स संपला की व्हिसाचा आधार जातो. त्यामुळे पुढच्या प्रवेशाचं बोलणं शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच काढा. निकाल उशिरा लागणार असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं तसं पत्र आधीच घेऊन ठेवा. मे महिन्यात सही करायला कोणी जागेवर सापडत नाही.