ॲटलस पतंगाचे संगोपन

अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. त्याआधीच पेरू, लिंबू किंवा दालचिनीची कोवळी पाने हाताशी ठेवावीत आणि अळीला एकदा मानवलेले झाड शक्यतो बदलू नये. पांढऱ्या मेणचट भुकटीने माखलेली ही अळी 10 सेंटिमीटरपर्यंत वाढते. कात टाकण्यापूर्वी ती निश्चल बसते, तेव्हा तिला मुळीच हात लावू नये. कोष टांगूनच ठेवावा, हवा दमट राखावी आणि सुमारे महिनाभर धीर धरावा. माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर लागते: बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओलसर व चुरगळलेले असतात, आणि ते लोंबून पूर्ण पसरावेत यासाठी त्याला चढायला खडबडीत फांदी मिळालीच पाहिजे, अन्यथा ते कायमचे वाकडे राहतात. प्रौढ पतंग काहीही खात नाही, म्हणून साखरपाणी देऊ नये.