कोम, जौजे, भ्र. : गावातल्या बायकांचा इतिहास कसा शोधायचा

जुना फेरफार किंवा मोडीतला दस्त हातात आला की आधी तीन शब्द शोधा: कोम, जौजे आणि भ्र. तिन्हींचा अर्थ एकच, अमक्याची बायको. ‘राधाबाई कोम गणपतराव’ असं जुन्या दस्तांत दिसतं, मराठवाडा-विदर्भाकडे ‘जौजे’ जास्त, आणि सातबाऱ्यावर नुसतं ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार. चौथी खूण ‘अ.पा.क.’, अज्ञान पालन कर्ता. नवरा गेला, पोरगा लहान, म्हणून जमिनीच्या कागदावर आईचं नाव चढलं, असा तो प्रकार. पोरगा सज्ञान झाला की पुढच्या फेरफारात ते नाव निघून जातं. मधली दहा-बारा वर्षं शेत तिनं सांभाळलेलं असतं आणि गावात ते कुणालाही आठवत नसतं.

शोधाची सुरुवात अशा बारीक जागांवरून करायची. ‘आमच्या तालुक्यातील थोर स्त्रिया’ असा विषय घेतला की आठवड्याभरात गाडी इंटरनेटवरच्या त्याच चार परिच्छेदांवर येऊन थांबते. त्याऐवजी चालत दहा मिनिटांत पार होईल एवढा टापू घ्या आणि बायका जिथे काम करत होत्या त्या जागा कागदावर मांडा: पाणवठा, बारव, धुण्याचा घाट, मुलींची शाळा, विड्यांचा कारखाना, खाणावळ, बाजारातली माळणींची रांग. १९७२च्या दुष्काळात खोदलेला पाझर तलाव असेल तर तो नक्की घ्या. दुष्काळी कामावर खडी फोडणारे आणि पाट्या वाहणारे हात मोठ्या संख्येने बायकांचे होते. तलावावर दगड असलाच तर तो भूमिपूजन करणाऱ्याच्या नावाचा असतो.

दगड वाचणं

बारवेवर किंवा घाटावर लेख आहे का हे सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर पाहा. भर दुपारी अक्षरं दिसत नाहीत. सावलीतला दगड असेल तर एकाने टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, आडवा धरायचा आणि दुसऱ्याने फोटो काढायचे. उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, प्रत्येकी दोन फोटो. शेजारी पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका. त्याने दगड खराब होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही तुमच्या समजुतीप्रमाणे रेघ ओढता आणि पुढचा माणूस दगडाऐवजी तुमचा खडू वाचतो. शेंदूर किंवा ऑइलपेंटचे थर असतील तर तारेचा ब्रश लावायचा मोह आवरा; ज्यांचा तो देव आहे त्यांच्याशी आधी बोला.

इसवी सन काढायला शक्यात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं साल दिसलं तर साधारण ५९० मिळवा.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर या कामाचा चांगला धडा आहे. अष्टकोनी विहीर, जिने, आत छोटासा महालच. तिथल्या लेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४, आणि बांधवून घेणाऱ्या म्हणून वीरूबाई भोसले यांचं नाव. छत्रपती शाहूंच्या परिवारातली ही बाई. विहीर सगळ्यांना माहीत असते. वीरूबाई कोण, हे मात्र तिथे फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील?

इथेच एक नेहमीची चूक होते. लेख नसलेली प्रत्येक बारव ‘अहिल्याबाईंनी बांधली’ असं सांगितलं जातं. अहिल्याबाईंचं बांधकाम खरोखरच अफाट आहे, पण त्यांच्या नावाखाली गावातल्या एखाद्या पाटलीणबाईचं किंवा सावकाराच्या विधवेचं काम गडप होतं. लेख किंवा कागद नसेल तर ‘गावात असं सांगतात’ एवढंच लिहा.

लेण्यांत गेलात तर कोश वेगळा, युक्ती तीच. नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यात, एक लहानसा ब्राह्मी लेख आहे: क्षहरात घराण्यातला क्षत्रप (राजा) नहपान, त्याची मुलगी, दीनिकपुत्र उषवदाताची ‘कुडुंबिनी’ दखमित्रा, हिने दिलेला ‘ओवरक’. बाप, सासरा, नवरा असे तीन पुरुष ओलांडल्यावर बाईचं नाव येतं. पण दान तिचं आहे आणि तसं कोरलेलं आहे. ओवरक म्हणजे आपली ओवरी. आणि कुडुंबिनी हा शब्द ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणणाऱ्या आजोबांपर्यंत पोचलेला आहे.

गावाच्या वेशीवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. वर चंद्रसूर्य असतात. लढाईचे थरावर थर कोरलेले असतील तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, पण कधी त्याच दगडावर सतीचा हातही असतो, म्हणून कोपरा न् कोपरा पाहा. नोंद करा, मोजमाप घ्या. हळदकुंकू वाहून रील करू नका. सतीच्या उदात्तीकरणाला १९८७च्या कायद्याने बंदी आहे. गधेगळावर, म्हणजे दानाची नोंद असलेल्या दगडावर, स्त्री आणि गाढव कोरलेलं असतं. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, आणि ती त्याच्या आईच्या नावाने दिलेली आहे. मुलांना घेऊन फिरणार असाल तर हे कसं सांगायचं ते आधी ठरवा; टाळून मात्र पुढे जाऊ नका.

कागद

तीन ठिकाणी जा. जुने सातबारे आणि फेरफार काही जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षात. तिथेच कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, मागा. अर्जात गाव आणि सालांची मुदत नेमकी लिहा. ‘सर्व जुनी कागदपत्रे’ असा अर्ज केला की तो टेबलावरच राहतो. मृत्यूच्या कारणाचा रकाना बायकांपुरता वेगळा उतरवून घ्या. तिसरी जागा म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मुलींच्या नावांपुढचा ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा एकच रकाना सलग वीस वर्षांचा वाचा.

कागदांत बाई हरवते ती बहुतेक वेळा लग्नात. आपल्याकडे आडनावाबरोबर नावही बदलायचं. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, ती झाली आनंदीबाई कर्वे, आणि घरात बाया. दोन आनंदीबाई, आणि मागे एक यमुना, एक गोदू. म्हणून प्रत्येक बाईचं एक कार्ड करा आणि त्यावर चार ओळी ठेवा: माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, कागदावरचं नाव. दोन कार्डांवरची माणसं एकच निघाली की कितीतरी गाठी एकदम सुटतात.

पुरावा एका ओळीचा असेल तर ओळीएवढंच बोला. सावित्रीबाई फुल्यांच्या सहकारी फातिमा शेख यांच्या बाबतीत सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला उल्लेख मोलाचा आहे. समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरणारी जन्मतारीख त्या पत्रात नाही. अशी जोडलेली तारीख खोटी ठरली की लोक खऱ्या ओळीवरही शंका घेतात.

बोलणं

म्हाताऱ्या बायकांकडे दुपारी दोननंतर जा, भांडी-धुणी आटोपल्यावर. ‘आजी, इतिहास सांगा’ म्हटलं की त्या म्हणतात, ‘आमचा कसला इतिहास,’ आणि ओसरीवरचा मुलगा बोलायला लागतो. विचारायचं असं: पाणी कुठून आणत होता? दिवसाला किती खेपा? डोक्यावर घागर आणि काखेत काय? पहिलं बाळंतपण कुणी केलं? या शेवटच्या प्रश्नातून गावच्या सुईणीचं नाव हाती लागतं, जे कुठल्याच नोंदवहीत नसतं.

साल विचारू नका, खूण विचारा. कोयनेच्या भूकंपाच्या (डिसेंबर १९६७) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात मूल केवढं होतं, असं. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे; आठवड्याने पुन्हा जा, कारण पहिल्या दिवशी जे सांगायचं राहिलं ते मधल्या दिवसांत आठवलेलं असतं. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि पंखा चालू असेल तर फोन तिच्या मांडीजवळ ठेवा.

जात्यावरच्या ओव्या मागायच्या तर जातं समोर ठेवा, खुंटा हातात आला की ओवी येते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर येत आहेत, आपल्या तालुक्याची गावं तिथे आधी पाहून जा.

फेरी आणि फलक

सहा जागा, दीड किलोमीटर, नव्वद मिनिटं, पंधराच्या आत माणसं. यापेक्षा जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही आणि गल्लीतल्या दारांपुढे गर्दी होते. जागा उरलेली नसली तरी फेरीत घ्या. पुण्यात बुधवार पेठेत १८४८ची मुलींची शाळा जिथे भरली तो भिडे वाडा २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे थांबून सांगण्यासारखं आजही पुष्कळ आहे.

फलकावरचा मजकूर साठ शब्दांत बसवा, आणि नाव आधी, नातं नंतर असं लिहा. हयात बाईबद्दल असेल तर छापण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवा, कोणतं नाव घालायचं ते तिलाच विचारा, आणि माहेरच्या गावाचा उच्चार पुन्हा एकदा तपासून घ्या. तो नेहमी चुकलेला असतो.